उर्वशीनं थांबवलेला पंप

उर्वशी हल्ली काय काम करते, हे तिच्या वडिलांना, उकंडाजींना, एका दमात सांगता येत नाही. नेरच्या बसस्टँडवर कोणी विचारलंच तर ते म्हणतात, "कंपन्या तिले बलावतात. कोणती वस्तू काढाची अन् कोणती नाही काढाची, थे ती सांगते." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा थापा मारतो. उमरखेडच्या अवजारवाल्यापासून नागपूरच्या कारखानदारापर्यंत लोक एवढ्यासाठी आपल्या पोरीला खुर्ची देतात, याचं उकंडाजींना स्वतःलाही अजून नवल वाटतं. पण हे काम ज्या सकाळी सुरू झालं, त्या सकाळी ते तिथेच होते, पाठीवर पंप घेऊन.

त्याआधी उर्वशी वस्तूंना आकार देत असे. मूठ केवढी असावी, पट्टा किती रुंद, वजन अंगावर कुठे पडावं, हे ठरवण्याचं शिक्षण तिने घेतलं होतं. औद्योगिक डिझाइन म्हणतात त्याला. गावाने समजून घेतलं की पोरगी चित्रं काढते. फवारणीचे पंप बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत ती लागली आणि दोन वर्षं खपून तिने एक पंप आखला, पहिल्या रेघेपासून तिचा स्वतःचा. त्याचा नमुना घेऊन ती गावी आली, बापाच्या तीन एकर कपाशीत तो पारखायला.

उकंडाजी सोळा लिटरचा भरलेला पंप घेऊन सकाळभर पऱ्हाटीत फिरले. तोवरचा प्रत्येक पंप त्यांच्या खांद्याला कापत आला होता. हा कापत नव्हता. बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि दुपारपर्यंत गावात सांगून टाकलं की पुढच्या हंगामात आपल्या उर्वशीचा पंप दुकानात येणार.

उर्वशी मात्र धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, घड्याळ घेऊन बसली होती. संध्याकाळी जेवताना तिने आईला विचारलं, "माय, आज विहिरीवर किती खेपा केल्या?"

"मोजते कोण?" तुळसाबाई म्हणाल्या.

"मी मोजल्या. अकरा. पाण्याचा एक गुंड डोक्यावर, एक कमरेवर. मंग औषध कालवणं, फडक्यातून गाळणं, पंप भरणं, अन् भरलेला पंप उचलून बाबाच्या पाठीवर देणं. अर्धा वेळ बाबा नुसतेच उभे होते."

"थे तर लग्नापासून उभेच हायेत," तुळसाबाई म्हणाल्या.

उर्वशी हसली नाही. "दोन वर्षांत मी जेवढी चित्रं काढली, त्याच्यात माणूस एकटाच हाय. माय कुठीच नाही. मी तिच्याच पोटची, अन् मलेच दिसली नाही. बाबा, हा पंप काढू नका, असं मी साहेबाले सांगणार हाय."

उकंडाजींचा घास हातातच राहिला. "सोमवारी साचे टाकणार हायेत म्हणे ना?"

"म्हणूनच आता सांगावं लागते."

"नोकरी जाईन तुही."

"जाईन."

"माह्या कमरेपायी नोकरी घालवते काय वं?" तुळसाबाईंनी विचारलं.

फोनवर साहेब तापले. घनश्याम त्यांचं नाव, कंपनी त्यांचीच. उर्वशी एवढंच म्हणाली, की एक सकाळ येऊन बघा, आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलू नका. का कोण जाणे, ते आले.

आता पोरीचा पंप वाचवायचा, तर उकंडाजींच्या हाती ती एकच सकाळ होती. उजाडायच्या आत त्यांनी शेजारच्या पिंटूची बैलबंडी आणली आणि पाण्याने भरलेला मोठा ड्रम धुऱ्याशी लावला. तुळसाबाईंना ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं आणि बजावलं, तू फक्त चहा कर. पाहुणा यायचा म्हटल्यावर घर कोणी पसाऱ्यासकट दाखवतं का?

साहेब गाडीतून उतरले. उकंडाजी म्हणाले, "जयभीम, साहेब." अटीप्रमाणे साहेबांनी नुसते हात जोडले आणि ते बाभळीखाली बसले. उर्वशीने ड्रम पाहिला, आईचं लुगडं पाहिलं. ती वडिलांजवळ गेली.

"हे काहून आणलं, बाबा?"

"पावणा येऊन राह्यला म्हणून."

"रोज असते काय?"

उकंडाजींनी मान खाली घातली. "तुहं नाव लागणार होतं त्या पंपाले," ते हळूच म्हणाले.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती तिथून हलली नाही. आणि त्या क्षणी उकंडाजींना कळलं, की हिला आपल्याहून जास्त दुखतंय आणि तरी ही मागे फिरणार नाही. असं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते आपल्याच घरात वाढलं, हे त्यांना खरं वाटेना.

त्यांनी स्वतःच्या हाताने ड्रम आडवा केला. काळ्या मातीने पाणी घटाघटा पिऊन टाकलं. तुळसाबाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोवला, गुंड उचलले आणि त्या विहिरीकडे चालू लागल्या.

दुपारपर्यंत साहेब बोलले नाहीत. पुण्याहून आलेला, चार-पाचशे माणसांचा मालक, एका पोरीच्या शब्दाखातर तोंड मिटून पाणी वाहणारी बाई बघत बसला होता. दर तासाला पंधरा पावलं पुढे सरकून तो विहिरीच्या अधिक जवळ बसे. दहाव्या खेपेला तो उठला, तुळसाबाईंच्या हातातला भरला गुंड घेऊन कमरेवर ठेवायला गेला आणि बुटांवर पाणी सांडून मोकळा झाला. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बारा वाजून गेल्यावर साहेब म्हणाले, "साचे थांबवतो. पण मग काढायचं काय?"

"मला अजून माहीत नाही, सर," उर्वशी म्हणाली. "तीन महिने अशाच शेतांत बसू द्या. मग सांगते."

मोठ्या माणसासमोर 'माहीत नाही' म्हणायला उकंडाजी जन्मभर घाबरत आले होते. पोरगी ते ताठ उभी राहून म्हणाली आणि साहेबांनी मान डोलावून म्हटलं, "बस तीन महिने."

उकंडाजी रिकामा पंप पाठीवर घेऊन तसेच बघत राहिले.

"उतरवा तो आता," तुळसाबाई म्हणाल्या, "अन् साहेबाले हात धुवाले पाणी द्या. या खेपेले तुमी आणा."