धोतराचा दोष

अण्णाच्या धोतराचा दोष नव्हता, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज लग्नघरी कुणीतरी माझ्या या थोरल्या भावापुढे नवं धोतर धरलं. "नको रे बाबा, एकदा घात केलाय त्यानं," तो म्हणाला, आणि त्याचा हात पॅंटवरूनच मांडीच्या व्रणाकडे गेला.

तेव्हा मळणीयंत्राच्या फिरत्या दांड्यात त्याचं धोतर अडकलं, आणि त्यासोबत अंडकोशावरची सगळी कातडी सोलून गेली. दांड्यावरचं पत्र्याचं झाकण मी काढून ठेवलं होतं. वंगण घालायला दर खेपेला बोल्ट सोडायचा कंटाळा, दुसरं काय!

दवाखान्यात डॉक्टरांनी पेनासारखं यंत्र त्याच्या मांडीवरून फिरवलं. एका जागी आतलं रक्त 'हुश्श हुश्श' वाहताना ऐकू आलं, तिथे त्यांनी शाईची फुली मारली. "ही बारीक शीर शाबूत ठेवून इथली कातडी वळवून तिथे लावू. शीर जगली की कातडी जगेल."

"म्हणजे माझी लाज आता मांडी राखणार!" अण्णा हसला.

कातडी जगली. आत काय वाहतंय ते वरून दिसत नाही, कान लावावा लागतो. माझ्या छातीला अण्णानं कधी कान लावला नाही. त्याला तशी गरजच वाटली नाही.

'झाकण मी काढलं होतं', एवढे चार शब्द मी त्याचं देणं लागतो.