हातभर उंच

रस्त्यावर मुरूम टाकून पाणी मारलं, की त्या ओल्या वासानं मला जवळा बाजार या गावातलं आमचं पहिलं घर आठवतं. ओढा बुजवून पाडलेल्या त्या प्लॉटांवर सगळ्यांत आधी घर बांधलं ते आम्ही, रस्त्याच्याच पातळीला. मागून आलेल्या प्रत्येकानं शेजारचं जोतं बघून आपलं हातभर उंच घेतलं, खाली मुरमाचे टिप्पर ओतले, आणि चार वर्षांत आमचं घर खड्ड्यात गेलं. एका बाजाराच्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला. ओढ्याचं पाणी जाणार कुठं? चहूकडून ते आमच्याच अंगणात उतरलं. वाहून आलेल्या मुरमानं फाटक असं जाम झालं, की बाहेर पडायला वाटच उरली नाही. मी आणि सासूबाई पिठाचा डबा घेऊन बाजेवर चढलो, आणि चुलीतली राख खाली तरंगायला लागली. शेजारचा माणूस आपल्या ओट्यावर कोरडा उभा होता. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "काहून एवढं उंच बांधलं रे बाबा? आमी बुडून राहिलो!" तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमी मागून बांधलं असतं तर तुमीबी हेच केलं असतं." संध्याकाळी पाणी ओसरेपर्यंत मी बाजेवर बसून त्याला मनात शिव्या देत होते. पुढं आम्ही ते घर पाडून नवं बांधायला काढलं. गवंड्यानं जोतं किती घ्यायचं विचारलं, तेव्हा मीच शेजारच्या ओट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "त्याच्याहून हातभर." आता पाऊस लागला, की पाणी त्याच्या अंगणात उतरतं, आणि त्या बाजूची खिडकी मी लावून घेते.