मणी धुणारे कारभारीमामा

नाशिकच्या त्या कॉलेजात दोन गोष्टी कधी चुकत नसत: परीक्षेचा गोंधळ आणि कारभारीमामांची धुलाई. एकतीस वर्षं मामा प्रयोगशाळेतलं काचसामान धूत आले होते. डाग दिसला की त्यांच्या हातांना चैन पडत नसे. एकदा तर पाहुणे प्राध्यापक डुलकी घेत असताना मामांनी त्यांच्या चपला घासून उन्हात वाळत घातल्या होत्या.

तिथं स्नेहा नावाची मुलगी पीएचडी करत होती. द्राक्षाचा गढूळ रस नितळ करणारं एक एन्झाइम असतं. पण ते रसाबरोबरच वाहून जातं, दर खेपेला नवं घ्यावं लागतं. स्नेहानं ते बारीक भोकाभोकांच्या मण्यांत बसवलं. मणी गाळून काढायचे, साध्या पाण्यानं खंगाळायचे, पुन्हा नव्या रसात टाकायचे. एन्झाइम जागचं हलत नाही आणि कामही जोमानं करतं. निदान तसं व्हायला तरी हवं होतं. पहिल्या फेरीत रस नितळ, दुसरीत थेट डबकं. सहा महिने हेच. शुक्रवारी दहा फेऱ्या दाखव, नाहीतर विषय बदल, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं, तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

मामांचा जीव तुटला. घरी ते बायकोला, लंकाबाईंना म्हणाले, "रोज ताई जेवायला गेल्या की मी ते मणी सोड्याच्या पाण्यात उकळून देतो. पांढरेफेक! तरी पोरीला यश नाय."

लंकाबाईंचं लाटणं थांबलं. "अहो, माझं दह्याचं गाडगं तुम्ही राखेनं घासलं, तर महिनाभर धड दही लागलं नाय. मातीत मुरलेलं सारं धुऊन काढलंत. पोरीच्या मण्यांचंबी तेच केलं की!"

सकाळी त्यांनी हात जोडून स्नेहाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, शुक्रवारी मण्यांना हात लावू नका."

सांगणं सोपं होतं. शुक्रवारी तिसऱ्या फेरीनंतर ते मळकट मणी पाहून मामांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि खांद्यावरचं उपरणं पुढं केलं. "बांधा मला, ताई."

सरांसमक्ष तिनं त्यांचे हात स्टुलाला बांधले. सातव्या फेरीचा रस नितळ. दहाव्या फेरीचाही नितळ. स्नेहा डोळे पुसत गाठ सोडायला धावली.

मामा स्टुलासकट मागं सरकले. "राहू द्या, ताई. आधी ते मणी कपाटात ठेवा, कुलूप लावा. किल्लीबी मला दाखवू नका."