तिरपी पट्टी

स्पेनमधल्या ग्रानादात गोमेरेसच्या चढावर गिटारी बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यांतल्या एकात आंगुस्तियास रोमाचो पंचेचाळीस वर्षं गिटारींना लाख चढवत होती. कापसाचा बोळा, त्यावर चिंधी, आणि बोळा अडकू नये म्हणून जेवणातल्याच ऑलिव्ह तेलाचा एखादा थेंब. रंधा आणि सरस पुरुषांनी हाताळायचा, शेवटची चकाकी बायकांनी आणायची, असा तिथला रिवाज. दुकानावर नाव कासियानो बुएसोचं आणि गिटारीच्या पोटातल्या चिठ्ठीवर सहीही त्यांचीच. आपलं नाव कुठे नाही याची तिला तक्रार नव्हती. एका गिटारीच्या बाबतीत तर ते बरंच झालं, असं तिला वाटे.

ती गिटार एकसष्टच्या जानेवारीतली. बाल्तासार किरोस तेव्हा बावीस वर्षांचा, कोणालाच माहीत नसलेला वादक. आठ दिवसांनी व्हिएन्नाला याच गिटारीवर त्याची पहिली मोठी मैफल. आणि कासियानो मास्तर तापाने फणफणून वरच्या खोलीत पडलेले. दुकानात दुसरा कारागीर नव्हता; वेळ आली तेव्हा रिवाज गुंडाळून ठेवला गेला. मास्तरांनी सांगितलं, "आंगुस्तियास, समोरच्या फळीला सात पट्ट्या आतून चिकटव आणि पाठ बसव. बघून बघून शिकली असशीलच."

सहा पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या नीट बसल्या. सातवी बसवताना थंडीने सरस गोठला आणि पट्टी दाबता दाबता तिरपी सरकली. ऊन पाण्याने सोडवून परत लावायला हवी होती. तेवढ्यात वरून खोकत मास्तरांनी विचारलं, "झालं का?"

"झालं," ती म्हणाली. आणि पाठ बसवून टाकली.

पुढे किरोस जगभर गाजला, आणि त्याच्याबरोबर गिटारही. तिसऱ्या तारेवरचा त्याचा एक सूर असा काही थरथरत येई, की लोक त्यावर लेख लिहीत. कासियानो वारले. गादीवर मुलगा लेओन्सियो आला. एकदा ती गिटार किरकोळ दुरुस्तीला आली, तेव्हा त्याने तिच्या पोटात आरसा घालून पाहिलं आणि तिरपी पट्टी बघून त्याचे डोळेच दिपले. बाबांचं गुपित! तेव्हापासून दुकानातल्या प्रत्येक गिटारीत सातवी पट्टी मोजून मापून तिरपी बसू लागली. जपानहून गिऱ्हाइकं यायची. आंगुस्तियास आपलीच चूक वर्षानुवर्षं चकचकीत करत बसली. कधी हसू येई, पण बहुतेक वेळा भीतीच वाटे. बोललं तर दुकानाची अब्रू जाणार, आणि या वयात तिला दुसरं दार नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये किरोस स्वतः गिटार घेऊन आला. समोरची फळी तडकली होती. पाठ उघडणं भाग होतं. लेओन्सियोने आरसा धरला.

"ही बघा साहेब, बाबांची पट्टी. तिला मी बोटसुद्धा लावणार नाही."

"तिसऱ्या तारेवर, पाचव्या पडद्यावर सूर दबतो," किरोस म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"दबत नाही हो, गहिरा होतो."

"कासियानोंनी मुद्दाम केलं होतं?"

"मग काय! बाबांनी कधी उगाच काही केलं?"

लाख चढवताना बोळा थांबला तर डाग पडतो. आंगुस्तियासचा थांबला.

"मुद्दाम नाही," ती म्हणाली. "सरस गार झाला आणि पट्टी घसरली. मास्तर वर तापात होते. ते काम माझं."

"आंगुस्तियास, तू तुझा बोळा फिरव."

"लेओन्सियो, तुला तेव्हा दात यायचे होते. तू गप्प बस."

किरोस तिच्याकडे वळला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"सदतीस वर्षं," तो म्हणाला, "रोज सकाळी तासभर मी तो एकच सूर घासतोय. बोट हलवून हलवून दबलेपण लपवतोय. गिटार कासियानोंची, म्हणजे खोट माझ्याच बोटात असणार, असं धरून चाललो होतो. बाई, त्या वेळी कुणाला का नाही सांगितलंत?"

"भ्यायले."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने ती मागितलीही नाही. बोळा खाली ठेवून तिने विचारलं, "सरळ करू?"

"साहेब, ऐकू नका," लेओन्सियो मध्येच म्हणाला. "तो सूर म्हणजे तुमची ओळख. लोक काय म्हणतील?"

किरोसने गिटार उचलून तिच्यापुढे ठेवली.

"करा सरळ. त्या सुरात माझ्या बोटांची खोट किती होती, ते मला एकदा ऐकायचंय."