उष्णता नव्हे, गरमी

"काका, ही उष्णता नाही. हा सिफिलिस आहे," गंगापूर रोडवरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. वयानं माझ्या सुनेएवढ्या. माझ्या तळहातांवरचे तांबूस डाग सुनेनंच पाहिले होते आणि डॉक्टरकडे जा म्हणून ती मागे लागली होती. नशीब, बरोबर आली नव्हती.

सिफिलिस म्हणजे शरीरसंबंधातून येणारा जंतूंचा आजार. "जुनी माणसं याला गरमी म्हणायची," त्या म्हणाल्या. एवढ्या संकटातही मला हसू आलं. गरमी झालीय म्हणूनच तर मी उन्हाळ्यात सब्जा पीत होतो!

मी मूळचा कळवणकडचा. सातपूरच्या कारखान्यात टर्नर म्हणून हयात गेली. बायको, विमल, काही वर्षांपूर्वी गेली. मुलगा-सून चांगले आहेत, खोटं कशाला बोलू? पण घरात आता आमची बोली कुणी बोलत नाही. विमल भांडायची अहिराणीत आणि लाड करायची तेही अहिराणीत. ती गेली आणि माझे निम्मे शब्द बोलायचेच राहून गेले.

सुनीता धंदा करते, नदीपलीकडे एका खोलीत. जुन्या ओळखीच्या एकानं मला तिथं नेलं. पहिल्याच दिवशी तिनं दार उघडून विचारलं, "जेवन व्हयनं का?" आणि मी उंबऱ्यातच विरघळलो. शरीराची भूक नव्हती असं म्हणणार नाही. पण निम्मा वेळ आम्ही आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके, खापरावरचे मांडे आणि गावाकडच्या विहिरींबद्दलच बोलत असू. विमल गेल्यापासून मी इतका बोललो नव्हतो.

तिचा नियम एकच. आधी पाकीट, मग बाकी. निरोधाचं पाकीट ती स्वतः फोडायची, आधी त्यावरची तारीख बघायची. यंदा आखाजीला तिनं पुरणाचा स्वयंपाक केला, मला पाटावर बसवून वाढलं. त्या दिवशी मीच म्हणालो, "आता आपल्यात कशाला ते?" ती नको म्हणाली. मी रुसलो. रुसलेला म्हातारा फार केविलवाणा दिसत असावा, कारण तिनं ऐकलं. मला वाटलं, पाकीट बाजूला पडलं म्हणजे परकेपण गेलं, पुन्हा घर झालं. असं वाटणारा मी एकटाच नसेन, म्हणून हे लिहितोय.

वैशाख सरता सरता नाजूक जागी एक फोड उठला. दुखेना, खाजेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं. उष्णताच, दुसरं काय? विमल असती तर तीही हेच म्हणाली असती. तिच्या डब्यांतून सब्जा काढला. धने-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून प्यायलो, वर चमचाभर गुलकंद. ती हे सगळं कसं करायची ते आठवत ओट्यापाशी उभं राहायला बरं वाटायचं. फोड भरला. मी तिच्या फोटोला सांगितलंसुद्धा, बघ, तुझंच औषध लागू पडलं.

डॉक्टरीणबाईंनी माझा तो भ्रम काढला. सिफिलिसचा पहिला फोड आपोआपच भरतो, सब्जा प्यायलेल्याचाही आणि न प्यायलेल्याचाही. आजार जात नाही, अंगभर पसरतो. मग तळहात-तळपायांवर डाग येतात. तेही जातात आणि माणूस निश्चिंत होतो. पुढं कधीतरी आजार हृदयाला, मेंदूला, डोळ्यांना गाठतो.

व्हीडीआरएल ही रक्ताची चाचणी संशय सांगते, टीपीएचए ही दुसरी चाचणी तो पक्का करते. माझ्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. एचआयव्हीची चाचणीही झाली. ती निगेटिव्ह आली, पण लागण ताजी असेल तर लगेच कळत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली. "नातवाला मांडीवर घेऊ ना?" मी विचारलं. "खुशाल घ्या. ताट-वाटीनं हे पसरत नाही." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

उपचार साधा निघाला. पेनिसिलिन. आधी सोसतं का ते बघायला थोडंसं कातडीखाली टोचलं, मग दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं. रात्री ताप येईल, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं. आला आणि गेला. रक्त मात्र पुढं वर्षभर अधूनमधून तपासायचं आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्यांच्याकडे जाता, त्यांना सांगा. बाईला फोड आत असला तर तिला दिसतही नाही."

इंजेक्शनला मी भ्यालो नव्हतो, याला भ्यालो. सुनीतानं दार बंद केलं तर? गप्प राहिलो तर दार उघडं राहील, पण आजार तिला आतून पोखरत राहील. दोनदा पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटी एका दुपारी जाऊन सांगून टाकलं.

ती म्हणाली, "तुमले सांगेल व्हतं ना मी!" पुढं अस्सल अहिराणी शिव्या. विमलनंतर इतक्या जिवंत शिव्या मी खाल्ल्या नव्हत्या. मान खाली घालून ऐकल्या. त्या संपल्यावर तिनं विचारलं, "कोनता दवाखाना?"

तुम्ही कुणाकडे जात असाल तर एवढं ऐका. ओळख कितीही जुनी झाली तरी निरोध दर वेळी हवा, आणि दर वेळी नवा. त्यावर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. निरोधानं धोका पुष्कळ कमी होतो, पण जी जागा झाकली जात नाही तिथून लागण होऊ शकते. म्हणून अधूनमधून रक्तही तपासा. ती नको म्हणाली, तर रुसू नका. फोड दिसला तर स्वयंपाकघरात जाऊ नका, दवाखान्यात जा. आणि तिला सांगा.

सरकारी रुग्णालयात यासाठी वेगळी खोली असते. सुनीता तिथं तपासायला निघाली तेव्हा मला म्हणाली होती, येऊ नका, लोक पाहतील. मी गेलो. बाकावरचे पुरुष एकमेकांत जागा सोडून, भिंतीकडे बघत बसले होते. मीही तसाच बसलो. असल्या बाकांवर विमलसाठी मी किती बसलोय! मांडीवर फाईल, हातात पाण्याची बाटली. तेव्हा मी कुणाच्याही नजरेला नजर देत होतो.

सुनीताचंही रक्त माझ्यासारखंच आलं. तिला आत घेतलं. थोड्या वेळानं सिस्टर दारात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "सुनीताबाईंसोबत कोण आहे?"

आतून सुनीताचा आवाज आला, "कोन्ही नही, मी एकलीच शे."

सगळा बाक भिंतीकडून दाराकडे वळला. मी उठून उभा राहिलो.

"मी आहे," म्हणालो.

"या आत. इंजेक्शन दिलंय, त्यांना गरगरतंय. जवळ बसा," सिस्टर म्हणाली. नातं काय, ते तिनं विचारलं नाही. मी सुनीताशेजारी बसलो आणि तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.