फिनलंडच्या आक्का

बेळगावात राहणं खऱ्या अर्थाने जमलेली एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि ती फिनलंडची आहे. आम्ही बाकीचे नुसते इथे जन्मलो. जन्मलो, शिकलो, नोकऱ्या केल्या, आणि खडेबाजारातून जायची वेळ आली की ओळखीचं कुणी भेटू नये अशी मनात प्रार्थना करत, मान खाली घालून पलीकडचं टोक गाठलं. मी तर रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे सगळी नोकरी काढली. खिडकीच्या अर्धगोल भोकातून मला माणसांचे हात दिसायचे. तोंडं बघायची सवय नव्हती, आणि निवृत्तीनंतर ती मुद्दाम लावून घ्यावी असंही कधी वाटलं नाही. अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर आक्का भाडेकरू म्हणून आल्या, यात त्यांचा दोष नाही, आणि माझाही नाही.

त्यांचे यजमान इथल्या एका फाउंड्रीत यंत्रं बसवून द्यायला आले होते. उंच आणि अबोल गृहस्थ. जिन्यात भेटले की मान लववायचे. मीही लववायचो, आणि आमचे संबंध त्यामुळे उत्तम होते. दोन वर्षांची बोली संपत आली असताना ते एका सकाळी झोपेतच गेले. आता बाई परत जाणार हे गल्लीने गृहीत धरलं. बायकांनी निरोपाचं गोड म्हणून आमच्या बेळगावी कुंद्याचा डबा आणून दिला. आक्कांनी कुंदा खाल्ला, डबा घासून परत केला आणि जिथे होत्या तिथेच राहिल्या. महिना-दीड महिना वाट पाहून आमच्या सौभाग्यवतीने विचारलं, "मग, जायचं कधी ठरलंय?" त्यांनी विचारलं, "कुठं?" "तुमच्या गावी." आक्का म्हणाल्या, "तितं आता वळखीचं कोण ऱ्हायलं न्हाय वं वैनी. हितं निदान दूधवाला तरी हाय."

हे मराठी त्यांनी बाजारात बसणाऱ्या एका भाजीवालीकडून उचललं होतं. ती खानापूरकडच्या एका खेड्यातून रोज सकाळच्या गाडीने येते. आक्का तिच्या शेजारी पोतं अंथरून तासन्‌तास बसायच्या आणि ती बोलेल ते तसंच्या तसं म्हणायच्या. त्यामुळे आमच्याकडच्या बायकांसारख्या त्याही "मी आलो", "मी गेलतो" असंच बोलतात. आमची सून पुण्याची. तिने पहिल्या भेटीत मोठ्या आदबीने दुरुस्ती केली, "आक्का, बायकांनी 'मी आले' म्हणायचं असतं." आक्कांनी जरा विचार केला आणि तितक्याच आदबीने विचारलं, "मग ह्या गल्लीतल्या समद्या बाया चुकत्यात व्हय?" सून पुढे कधी व्याकरणात शिरली नाही. फिनलंड कुठे आहे हा प्रश्न मात्र गल्लीने आपसांत मिटवून टाकला. फिनलंड म्हणजे इंग्लंडच, पण जरा आतल्या बाजूचं, असं ठरलं. आक्कांनी सुरुवातीला नकाशा काढून दाखवला. नंतर त्यांनीही नाद सोडला.

त्यांचा मुख्य व्यवसाय म्हणजे रस्ता बघणे. रोज संध्याकाळी पायात चपला सरकवून त्या निघायच्या, आणि काहीही विकत न घेता खडेबाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायच्या. एवढ्याला त्यांना अंधार पडायचा, कारण वाटेतल्या प्रत्येक माणसाचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असायचं आणि ते पुरं झालं का हे विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. बांगडीवाल्याच्या आईचा मोतीबिंदू, रसवंतीवाल्याचा बिघडलेला चरक, भांड्यांच्या दुकानातल्या मालकाचा जावयावरचा राग, हे सगळं त्यांना वर्तमानपत्रासारखं रोज ताजं लागायचं. गाड्यांचे हॉर्न ऐकून माझं डोकं उठतं. आक्कांचं म्हणणं असं, की प्रत्येक हॉर्न वेगळं बोलतो. एक म्हणतो सरक, एक म्हणतो मी हाय हितं, एक म्हणतो भूक लागलीया. "आनि त्यो कोपऱ्यावरचा रिक्षावाला हाय न्हवं, त्यो वाट मोकळी असली तरीबी वाजवतोय. एकटा हाय बिचारा." मी चौकशी केली नाही, पण पुढे कळलं की त्याची बायको खरंच माहेरी गेली होती.

मात्र सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो आपल्या सौजन्याचा. आपण निघताना "येतो" म्हणतो. पंखा दुरुस्त करणारा मिस्त्री "येतो आक्का" म्हणून गेला, तर या दार उघडं ठेवून चहा झाकून बसल्या. आणि "या की एकदा घराकडं" हे तर आपण श्वास सोडावा तसं म्हणतो. आक्का जायच्या. ज्याने म्हटलं त्याच्या घरी खरोखर जायच्या. एकदा कोल्हापूरच्या एस.टी.त त्यांच्या शेजारी निपाणीच्या एका जैन घरातल्या आजी बसल्या होत्या. घरचा तंबाखूचा व्यापार होता. निपाणीला उतरता उतरता आजी म्हणाल्या, "नातीचं लगीन हाय पुढच्या म्हैन्यात, या की." आजींनी तारीख सांगितली आणि आक्कांनी ती लक्षात ठेवली. ठरल्या दिवशी नऊवारी नेसून त्या निपाणीच्या मांडवात हजर झाल्या. वरपक्षाला वाटलं ही वधूकडची, वधूपक्षाला वाटलं वराकडची. दोन्हीकडच्यांनी मान राखायचा म्हणून त्यांना अगदी पुढच्या रांगेत बसवलं. आजींना ओळख पटायला संध्याकाळ झाली. दिवस मावळायच्या आत जेवायला बसायची त्या घरची रीत, म्हणून आजी स्वतः हाताला धरून त्यांना पंगतीत घेऊन गेल्या. "म्या बोलवलं आनि तू आलीस बघ," एवढंच म्हणाल्या. पुढे त्याच नातीच्या बाळाच्या बारशाला आक्कांना न्यायला गाडी आली. त्याच गावात आम्ही कितीदा तरी बस बदलली असेल, पण निपाणीत आम्हाला पाणी विचारणारं कुणी नाही.

मग तो शनिवार उजाडला. बाजाराचा दिवस. आक्का रस्ता ओलांडत होत्या, आणि मागे कापडाचे गठ्ठे बांधलेली एक मोटारसायकल वळली. गाडी लागली नाही, गठ्ठा लागला. आक्का पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. भाजीवालीने पाटी तशीच शेजारणीच्या ताब्यात दिली आणि आक्कांचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली. मी इस्पितळात पोचलो तेव्हा व्हरांड्यात खडेबाजार भरला होता. नर्स म्हणत होती की आत फक्त नातेवाइकांना सोडणार. त्यावर बांगडीवाला भाऊ झाला, भांडीवाला चुलतभाऊ झाला. नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?" मी खरं ते सांगितलं, घरमालक. मला तिने बाहेर थांबवलं.

तो मोटारसायकलवाला मध्यमवयाचा गरीब माणूस होता. रोज संध्याकाळी येऊन खाटेच्या पायथ्याशी नुसता उभा राहायचा. त्याला बघून आक्काच कासावीस व्हायच्या. "गठ्ठ्यास्नी डोळं नसत्यात रं," असं त्याला सांगायच्या आणि नर्सने आणलेलं बिस्किट त्याच्या हातावर ठेवायच्या.

आठवड्याभरात त्यांची मुलगी आली; ती फिनलंडमध्येच, पण त्यांच्या गावापासून लांब एका शहरात राहते. बापासारखी उंच आणि तशीच अबोल. आक्कांना घरी आणलं, चौघांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर चढवलं. मुलगी खिडकीशी उभी राहून खालची वर्दळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी खाली येऊन ती माझ्याशी इंग्रजीत शांतपणे बोलली. तिच्या घरी लिफ्ट आहे, समोरच दवाखाना आहे, तिथे रस्त्यावर माणसं सिग्नलला थांबतात. इथे जिना आहे, आणि खाली हा रस्ता. यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नव्हतं. मी प्रत्येकाला मान डोलावली. मग ती म्हणाली, "माझं ती ऐकत नाही. तुम्ही घर रिकामं करायला सांगितलंत तर तिला यावंच लागेल. तुम्हाला एकच वाक्य बोलायचं आहे."

रात्री सौभाग्यवतीही म्हणाली, "बोलून टाका. त्यांच्याच भल्याचं आहे. उद्या आपलं काही झालं तर त्यांना बघणार कोण?" मलाही ते पटलं. वाक्य मी मनात नीट जुळवून ठेवलं: आक्का, आम्हाला आता वरचा मजला लागणार आहे. यात कुणाला दुखवण्यासारखं काही नव्हतं. हजारो माणसांना मी खिडकीतून "गाडी फुल्ल आहे" असं सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. आक्का खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. "बसा अण्णा," त्या म्हणाल्या. "आज समोरच्या शिंप्यानं दुकान उशिरा उघडलंय. बायकोसंगट भांडण झालंय त्येचं."

"कशावरून?" मी विचारलं. असला प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला असेन.

"त्येच बघालोय."

मीही बघत बसलो. शिंपी मशीन चालवत होता, पण कापड तेच तेच फिरवत होता. बऱ्याच वेळाने त्याची बायको डबा घेऊन आली, डबा दाणकन ठेवून वळली, चार पावलं गेली, परत आली, आणि त्याच्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकून निघून गेली. आक्कांनी समाधानाने श्वास सोडला. माझाही सुटला असावा.

मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पोरीनं धाडलंय न्हवं तुमाला?"

"होय."

"मग सांगा की. मी काय रडत न्हाय."

त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले होते. हात मला वाचता येतात, तेवढी माझी नोकरी झाली आहे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आक्का, आम्हाला आता वरचा मजला लागणार आहे." पुढे काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. "म्हणून तुम्ही खाली या. पुढच्या खोलीत. तिथे जिना नाही."

पुढची खोली म्हणजे आमचा दिवाणखाना. ही बातमी सौभाग्यवतीने स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकली. मग तिने विचारलं, "आपल्याला वरचा मजला कशासाठी लागतोय, तेवढं मला सांगून ठेवा. लोक विचारतील." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच खोलीचे पडदे धुवायला काढले.

मुलीने मला जिन्यात गाठलं. "तुम्हाला एकच वाक्य बोलायचं होतं," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी ते बोललो. नंतर ते थोडं वाढलं."  ती पहिल्यांदाच हसली, आणि लगेच डोळे पुसायला खिशात रुमाल शोधू लागली. त्यानंतर ती दहा-बारा दिवस राहिली. बाजारातून ड्रिल मशीन भाड्याने आणून तिने न्हाणीघरात, दारापाशी, पलंगाशेजारी स्वतःच्या हाताने धरायचे दांडे बसवले. जाताना मला म्हणाली, "काही झालं तर मला कळवणार कोण?" मी उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तिचा नंबर घेऊन ठेवला होता आणि तिला रोज सकाळी सुप्रभात म्हणून गुलाबाची चित्रं येऊ लागली होती. तिने आताच आलेलं चित्र मला दाखवलं, फोन पर्समध्ये टाकला आणि सांबऱ्याच्या विमानतळाकडे निघून गेली.

आक्का आता काठी घेऊन जेमतेम कोपऱ्यापर्यंत जातात. बाकीचा रस्ता त्यांच्याकडे येतो. जाणारा-येणारा पायरीवर टेकतो, काहीतरी सांगतो, उठतो. आमच्याकडे येणारे पाहुणेही आधी तिथेच बसायचे आणि आत आमच्याकडे यायचं पुष्कळदा राहून जायचं.

हे मी लिहितो आहे ते पुण्यात बसून. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही मुलाकडे आलो, दोन महिन्यांसाठी. मग फिजिओथेरपी निघाली, मग पावसाळा आला, मग मुलगा म्हणाला, तिथे आता तुमचं आहे कोण. इथे लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. मी मान डोलावली. बेळगावच्या घराची किल्ली आक्कांकडे आहे. दर शनिवारी त्यांचा फोन येतो आणि मी गॅलरीत जाऊन, दार लावून घेऊन, शिंप्याचं काय झालं ते विचारतो.

परवा लिफ्टमध्ये एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, तुम्ही कुठले? बेळगावचा म्हणालो. "म्हणजे कर्नाटकातले," ते म्हणाले. "पण मराठी फारच छान बोलता हो तुम्ही." त्यांचा हेतू चांगला होता. तरी मला दिवसभर जेवण गेलं नाही. शनिवारी मी आक्कांना ते सांगितलं. 

"मनाला लावून घिऊ नका अण्णा," त्या म्हणाल्या. "सुरवातीला समद्यास्नी असंच हुतंय. धा-बारा वरसं जाऊ द्या."

माझं वय त्यांना ठाऊक आहे. मी बरं म्हणालो.