भीमण्णाची चामखीळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या बसथांब्यावर उभा होतो. "तुमचे अण्णा गेले," एवढंच त्या बोलल्या आणि फोन बंद झाला. तंजावूरची बस आली, मी चढलो. बसायला जागा होती तरी दांडा धरून उभाच राहिलो. भाताची खाचरं मागे पळत होती आणि मी माझ्या चुलतभावाचा, भीमण्णाचा, चेहरा आठवत होतो... येईचना. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे धुंडाळले त्याचाच चेहरा येईना, म्हणून मी घाबरलो. आली ती फक्त डाव्या नाकपुडीशेजारची चामखीळ, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मग तिच्याभोवती हळूहळू बाकीचा माणूस जमला.

भीमण्णा सरकारी कचेरीत कारकून होता आणि तमिळ साप्ताहिकांसाठी अर्कचित्रं काढायचा. पुढारी, नट, क्रिकेटवाले, गवई, कोणी सुटलं नाही. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्याच्या घरी पेपर यायचा तो वाचायला नव्हे, चेहरे बघायला. फोटोवर तो अंगठा ठेवायचा, कधी नाकावर, कधी भुवयांवर, कधी हनुवटीवर. "झाकून पाह," मला सांगायचा, "नाक झाकलं, तरी माणूस आहे ना? आता ओठ झाक. गेला की नाही? मग सुम्मा, उगाच, नाकाच्या मागं कशाला लागायचं?" एका मिशाळ पुढाऱ्याला सगळे चित्रकार मिशीवरून काढायचे. भीमण्णाने मिशी झाकली, ओसरीवर पुष्कळ येरझारा घातल्या आणि त्याला चक्क मिशीशिवाय काढला. नुसते डोळे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारे. लोकांनी तो लगेच ओळखला.

हे वेड त्याच्या अंगाशीही यायचं. टाऊन बसमध्ये कोणाच्या कानाकडे टक लावून बघायचा आणि बोलणी खायचा. एकदा एका नामवंत गायिकेच्या मैफिलीला मला घेऊन गेला. बाई रंगात आल्या होत्या, मी डोलत होतो, आणि हा शेजारी चुळबुळत होता. "नाकातली चमकी काढू नको," मी हळूच म्हणालो. "चमकी कुणीही घालतं रे," तो वैतागून म्हणाला, "त्यांचं त्यांचं काय आहे ते मिळेना." एवढ्यात तंबोरा जरासा उतरला, बाईंनी खालचा ओठ किंचित आत ओढला, आणि भीमण्णा उठून चालू लागला. मैफल अर्धी राहिली. मीही चरफडत त्याच्या मागे निघालो, कारण स्कूटर त्याची होती.

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत चेहऱ्याला मूंजी म्हणतात. शब्द तमिळ, अर्थ थोबाड. मी नोकरीपायी बरीच वर्षं पुण्यात काढली, ही लिहायची मराठीही तिथलीच. तेव्हा तिथल्या माझ्या शेजारीण मावशींना वहिनी फोनवर कौतुकाने म्हणाल्या, "आमचे हे मोठमोठ्यांच्या मूंजी करतात." मावशींनी लगेच नातवासाठी मुहूर्त विचारला. भीमण्णाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बटूची मूंजी पाठवा म्हणावं, बघून सांगतो." पुढे कित्येक दिवस तो मध्येच आठवून हसायचा.

स्वतःचं चित्र त्याने कधी काढलं नाही. मी विचारलं तर चामखीळ चोळत म्हणाला, "माझ्यात शोधायचं काय? देवानं खूण करूनच पाठवलंय."

दिवसकार्याला गेलो आणि भिंतीवरचा फोटो पाहून थबकलो. चामखीळ नव्हती. जुन्या फोटोला घड्या पडल्या होत्या, म्हणून वहिनींनी स्टुडिओवाल्याला "सुत्तमा करा" असं तमिळमध्ये सांगितलं होतं. म्हणजे स्वच्छ करा. त्याने घड्यांबरोबर चेहराही स्वच्छ केला. हार घालून बसलेला तो गुळगुळीत इसम माझ्या ओळखीचा नव्हता.

"वहिनी, हा अण्णा नाही," मी म्हणालो.

"राहू दे की. जन्मभर अस्क्या जगाच्या मूंजी वाकड्या केल्या. आपली एक तरी बरी असू दे."

मला राग आला. इतका की पायसम् न घेताच बाहेर पडलो. त्यानंतरचे आठवडे मी सैरभैर होतो. पेपर उघडला की वाचायचं सुचेना, पुस्तक हातात घेतलं की उठून फेऱ्या घालायचो. वाईट म्हणजे, डोळे मिटले की आता तो फोटोतला गुळगुळीत माणूस यायचा. आधी बसमध्ये निदान चामखीळ तरी आली होती... तीही जाणार, अशी धास्ती बसली. माझ्या डोक्यातून अण्णा पुसला जात होता आणि माझ्या हाती काही नव्हतं.

शेवटी गेल्या शुक्रवारी भांडायच्या तयारीनेच निघालो. फोटो पुन्हा करून घ्यायचा, मूळचा द्या, मी नेतो, अशी वाक्यं बसमध्ये घोकत होतो. दार उघडंच होतं. वहिनींची नुकतीच अंघोळ झाली होती आणि त्या सहाणेवर चंदन उगाळत होत्या. आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोवर, काचेवरच, कपाळाशी चंदनाचा पोट्टु लावतात. वहिनींनी बोट बुडवलं, हात वर नेला. बोट कपाळावरून खाली आलं, डोळ्याच्या बाजूने, आणि डाव्या नाकपुडीशेजारी टेकलं.

एका क्षणात समोर भीमण्णा होता. माझे डोळे भरून आले आणि घोकलेलं सगळं विसरलो.

"पोट्टु कपाळाला लावतात, वहिनी," मी उगाच म्हणालो.

"कपाळावरनं कोण ओळखणार ह्यांना?"

मी जवळ गेलो, नीट पाहिलं. चैन पडेना. "जरा वर हवा," मी म्हणालो.

"वर नाही."

"अहो, मी लहानपणापासून पाहिलंय त्याला."

"मी जवळनं पाहिलंय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ठिपका हलवला नाही.